करड्या कार्डाचा फोटो

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. फोटो छापायच्या त्या मोठ्या दुकानात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. छापून आलेल्या कागदाकडे बघायचं आणि काय चुकलंय ते सांगायचं. आधी अंधाऱ्या खोलीत औषधांच्या थाळ्यांपाशी, आणि मशीनं आली तेव्हा मशीनपाशी. दारातूनच ते म्हणत, "मॅजेंटा जास्त झालाय, दोन घरं उतरव." तो गुलाबी-जांभळा रंग दोन घरं उतरवला की चेहऱ्यावर जीव यायचा. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालत. मालक नव्या माणसाला दुकान दाखवताना मशीन दाखवायचा आणि मग मास्तरांकडे वळून म्हणायचा, "आणि हा आमचा डोळा."

चौतीस वर्षं असं ऐकल्यावर माणसाचं डोकं जिथे असायला हवं तिथे राहत नाही. मास्तरांचंही राहिलं नव्हतं.

काम मात्र खरंच सोपं नव्हतं. बाहेरच्याला वाटतं, बटण दाबलं की फोटो बाहेर पडतो. इंकजेट मशीनच्या तोंडाला केसाहून बारीक हजारो छिद्रं असतात, त्यांतून शाईचे थेंब कागदावर पडतात, आणि त्यातलं एखादं बुजलं तरी निळ्या आभाळात आडवी रेघ उमटते. शाई दोन जातींची. एक पाण्यात विरघळलेली, दिसायला झकास, पण उन्हात टिकत नाही. दुसऱ्या शाईत रंगाची बारीक भुकटी असते, ती कागदावर ठाण मांडून बसते आणि माणसापेक्षा जास्त जगते. त्यात पुन्हा कागदाचे नखरे वेगळे. एक कागद शाई पिऊन टाकतो, दुसरा वरच्या वर झेलतो. चकचकीत कागदावर खुललेला निळा खरबरीत कागदावर मेल्यासारखा पडतो. शाई, कागद आणि फोटो या तिघांची सोयरीक जमवणं हे मास्तरांचं काम, आणि ते ती नुसत्या नजरेने जमवत.

साठी जवळ आली तशा तक्रारी यायला लागल्या. प्रिंट जरा थंड वाटतात. चेहरे निळसर येतात. मास्तर म्हणत, गिऱ्हाइकाचा स्क्रीन खराब आहे. एका चित्रकाराला तर त्यांनी तोंडावर सांगितलं, "साहेब, चष्म्याचा नंबर तपासून घ्या." मालकाने वाद घातला नाही. पण एके दिवशी दुकानात रंग मोजायचं यंत्र आलं, आणि यंत्राबरोबर ते चालवणारी बाई आली. तिशीतली, मोजकं बोलणारी, कानामागे पेन्सिल खोचलेली. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, मोजणीवाली.

तिची रीत मास्तरांच्या रीतीच्या अगदी उलटी होती. नवा कागद आला की ती त्यावर रंगांच्या नऊशे चौकटींचा तक्ता छापायची, दुसऱ्या दिवसापर्यंत सुकू द्यायची, आणि मग एकेका चौकटीवरून यंत्र फिरवायची. त्या मोजणीवरून कॉम्प्युटर त्या शाईचा आणि त्या कागदाचा प्रोफाइल बनवायचा. म्हणजे कुठला आकडा पाठवला तर या कागदावर प्रत्यक्षात कुठला रंग उमटतो, त्याची पक्की यादी. कागद बदलला की नवा तक्ता, नवी यादी. प्रत्येक चाचणी प्रिंटची एक प्रत ती मागे तारीख, कागद आणि शाई लिहून फायलीत लावून ठेवायची.

"ही बाई आमटीतलं मीठ बघायलाही तराजू आणेल," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत.

मोजणीवाली हसायची नाही. एकदाच म्हणाली, "मास्तर, डोळ्याला सवय लागते. यंत्राला लागत नाही." हे वाक्य मास्तरांच्या इतकं वर्मी लागलं की पुढचे चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

आता मास्तरांच्या डोळ्याला काय झालं होतं, ते सांगून टाकतो. मोतीबिंदू. आतलं भिंग वर्षानुवर्षं हळूहळू पिवळं होत गेलं होतं, आणि इतकं हळू की त्यांना पत्ताच नव्हता. पांढरा कागद त्यांना पिवळट दिसायचा, म्हणून ते प्रिंटमधला पिवळा काढायचे आणि निळा वाढवायचे. घरी ट्यूबलाइट डोळ्यांत घुसते म्हणून त्यांनी सगळ्या खोल्यांत पिवळे बल्ब लावले होते. बायको म्हणायची, "आपल्या घरात बाई सदाची संध्याकाळ."

बायको मास्तरांना पुरून उरणारी होती. बाजारातून टोमॅटो आणले की एक हातात धरून विचारायची, "मास्तर, यात मॅजेंटा बरोबर आहे ना? नसेल तर परत देऊन येते." तिची थट्टा तेवढी ते खपवून घेत. त्या वर्षी ती जरा थकलेली असायची. अंगाला खाज येते म्हणायची. मास्तरांनी साबण बदलून आणला, पाण्याच्या टाकीला दोष दिला, आणि विषय तिथे संपला.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली त्या दिवशी मास्तरांनी तिचा फोटो काढला. सकाळच्या उजेडात, बाल्कनीत, मागे पांढरी भिंत. त्यांच्या धंद्यात पहिला फोटो करडं कार्ड हातात देऊन काढायचा शिरस्ता असतो. ते कार्ड अगदी मधल्या राखाडी रंगाचं, त्यात ना लाल, ना पिवळा, ना निळा. ते फोटोत करडंच आलं तर बाकीचे रंग खरे आले असं समजायचं. बायकोने कार्ड छातीशी धरलं आणि म्हणाली, "पस्तीस वर्षांनी हातात पाटी दिलीत? कुठल्या गुन्ह्याची?" आणि ती हसली. मास्तरांनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. नंतर कार्ड बाजूला ठेवून त्यांनी चाळीस फोटो काढले, पण त्या हसण्याची सर एकालाही आली नाही. शेवटी त्यांनी तोच पहिला निवडला. खालचा कार्डाचा भाग कापून टाकायचा आणि मोठा छापायचा, असं ठरलं.

दुकानात मोजणीवालीने आधी अख्ख्या फोटोची चाचणी प्रिंट काढली, कार्डासकट. मास्तर आले, दोन गिऱ्हाइकं आणि मालक उभे होते, आणि लांबूनच त्यांनी निकाल दिला. "पिवळा मारतोय. तुझा प्रोफाइल चुकलाय."

"प्रोफाइल बरोबर आहे," ती म्हणाली. "हे बघा, कार्ड करडंच आलंय. भिंत पांढरी आलीय. प्रोफाइल चुकला असता तर सगळंच पिवळं झालं असतं. फक्त चेहराच कसा होईल?"

मालकाने कार्डाकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं, आणि ते बघणं मास्तरांना झोंबलं.

"माझ्या बायकोचा रंग तू मला शिकवणार?" असं म्हणून त्यांनी प्रिंटचे दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. मग स्वतः कॉम्प्युटरवर बसले. चेहऱ्यातला पिवळा काढला, निळा चढवला, खालचं कार्ड कापलं, आणि केलेलं काम मूळ फायलीवरच सेव्ह केलं. बाकीच्या चाळीस फोटोंसकट कॅमेऱ्याचं मेमरी कार्डही दुसऱ्या कामासाठी पुसून घेतलं. मूळ फाइल जपावी हे दुकानातला झाडूवालासुद्धा जाणतो. पण मास्तरांना वाटलं, बरोबर झाल्यावर चुकीचं कशाला जपायचं?

दुपारी मोजणीवाली पुन्हा त्यांच्या टेबलाशी आली. "मास्तर, एक विचारायचं होतं. वहिनींच्या..."

"वहिनी घरी. इथे कामाचं बोलायचं."

त्याच संध्याकाळी मास्तर मालकाच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, एक तर ती राहील नाही तर मी. जुन्या गिऱ्हाइकांना मास्तर हवे होते, मालकाला जुनी गिऱ्हाइकं हवी होती. तिसऱ्या दिवशी मोजणीवाली आपल्या फायली पोटाशी धरून जिना उतरून गेली. यंत्र कपाटात गेलं आणि त्यावर धूळ बसली.

मोठा फोटो घरी आला. पिवळ्या बल्बखाली तो अगदी झकास दिसला. "तुमच्या शाईने दहा वर्षांनी लहान केलंत मला," बायको म्हणाली, आणि बराच वेळ त्यासमोर उभी राहिली.

अडीच महिन्यांनी शेजारीण तिला जिन्यात भेटली. तिथे वरून ऊन पडायचं. शेजारीण म्हणाली, "अहो, तुमचे डोळे किती पिवळे झालेत." दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटल झालं. कावीळ होती, पण साधी नाही. पित्ताच्या नळीशी गाठ होती. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आला असतात तर काढता आली असती. मास्तर म्हणाले, "कसं कळणार? दुखत काहीच नव्हतं, आणि पिवळी ती याच आठवड्यात झाली." पाच महिन्यांनी ती गेली.

त्यानंतर वर्षभरात मालकाने मास्तरांना घरी बसवलं. समारंभ केला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, डोळे पुसले, आणि दुसऱ्या आठवड्यात कपाटातलं यंत्र बाहेर काढलं.

मास्तर घरी एकटे राहायला लागले. दोन वर्षं भिंतीवरच्या फोटोशी बोलले. शेवटी दुसरीकडे राहणाऱ्या लेकीने मागे लागून लागून त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं. डावा महिन्याने करायचा होता. डॉक्टरांनी बजावलं, "थोडे दिवस सगळं निळसर वाटेल, घाबरू नका." पंधरा दिवसांत भिंत पांढरी झाली, पडदा पांढरा झाला, लेकीने लावलेले पांढरे दिवेही सवयीचे झाले. फोटो मात्र निळाच राहिला.

मास्तरांनी नवा डोळा झाकला आणि जुन्याने बघितलं. बायको जिवंत होती. जुना झाकला आणि नव्याने बघितलं. ओठ जांभळे, गाल शिशासारखे, आपण पाण्यातून काढलेलं प्रेत फ्रेम करून लावलंय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी कोरा कागद घेतला. नव्या डोळ्याला तो पांढरा होता, जुन्याला चहा सांडून वाळल्यासारखा. ते खुर्चीत बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

"तुला दिसत होतं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"दिवसा दिसायचं. सगळ्यांनाच दिसायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? रंगाबद्दल?" लेक एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून मास्तरांनी एकच ध्यास घेतला. बायकोचा खरा रंग परत आणायचा, आणि तो निळा फोटो उतरवून तिथे खरा लावायचा. फाइल शोधली, तर ती कापलेली, निळी केलेलीच निघाली. एकदा काढून फेकलेला रंग मागून चढवता येत नाही, तिथे रंगाची माहितीच उरत नाही, आणि हे मास्तरांएवढं कुणाला माहीत होतं? आठवणीतून चढवावा म्हटलं, तर आठवणही त्याच पिवळ्या भिंगातून आलेली. मालकाकडे गेले. त्याच्याकडेही काही नव्हतं. तो म्हणाला, "तिच्याकडे असेल. ती प्रत्येक चाचणीच्या दोन प्रती काढायची. तुम्ही एकच फाडलीत."

मोजणीवालीने आता स्वतःची एक खोली थाटली होती. एक मोठं मशीन, करड्या रंगाच्या भिंती, उत्तरेकडची मोठी खिडकी. मास्तर दारात उभे राहिले तेव्हा ती कागदाची गुंडाळी मशीनवर चढवत होती. तिने त्यांना ओळखलं, पण काम पुरं करूनच वळली.

"बोला."

"तुमचं बरोबर होतं," मास्तर म्हणाले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला तुम्ही म्हटलं. "मोतीबिंदू होता. माझंच चुकत होतं. तिचा तो फोटो, कार्डवाला, तुमच्याकडे आहे का? मला तिचा खरा रंग पाहिजे."

मोजणीवालीने हात पुसले. "वहिनी गेल्याचं मला कळलं होतं," ती म्हणाली. "कशाने गेल्या, तेही. तुम्ही हा फोटो मागायला याल असं मात्र वाटलं नव्हतं. खरंच बघायचाय?"

"त्यासाठीच तर आलो."

तिने फायलींच्या रांगेतून एक फाइल काढली, पानं उलटली, प्रिंट बाहेर काढून त्यांच्या हातात दिली. "खिडकीशी बघा. तिथे उजेड खरा आहे."

मास्तर खिडकीशी गेले. भिंत पांढरी होती. कार्ड करडं होतं, स्वच्छ करडं, कुठल्याच रंगाकडे न झुकलेलं. कार्डाच्या वर बायको हसत होती, आणि तिचा चेहरा पिवळा होता. कपाळ पिवळं, मान पिवळी, आणि हसताना मोठे झालेले डोळे, त्यांतला पांढरा भागही पिवळा. प्रिंटमध्ये काहीही चुकलेलं नव्हतं. मास्तरांनी सवयीने नवा डोळा झाकला. जुन्या डोळ्याला भिंतही पिवळी, कार्डही पिवळं आणि चेहराही तसाच. कुठे काही वेगळं नाही, कुणाला काही झालेलं नाही. मागे पेन्सिलीने तारीख लिहिलेली होती. हॉस्पिटलच्या अडीच महिने आधीची.

आणि तेव्हा त्यांना ते आठवलं. फोटो काढायच्या आदल्या दिवशी बायको आरशासमोरून त्यांच्यापाशी आली होती. खालची पापणी बोटाने ओढून म्हणाली होती, "अहो, बघा ना, डोळे पिवळे वाटतात का? डॉक्टरांना दाखवू का?" मास्तरांनी तिची हनुवटी धरून तिला बल्बखाली नेलं होतं, नीट बघितलं होतं, आणि म्हणाले होते, "छे गं. कागदासारखे पांढरे आहेत." ती निर्धास्त झाली होती. अख्खा गाव ज्या डोळ्यावर विश्वास ठेवतो, त्यावर तिने नाही ठेवायचा तर कोणी ठेवायचा? "मग काय," ती म्हणाली होती, "घरचाच परीक्षक आहे."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"शंका आली होती. माझा मामा असाच गेला." मोजणीवाली मशीनच्या झाकणावरची धूळ पुसत होती, जिथे धूळ नव्हती. "सकाळी शाईच्या भाषेत सांगितलं. दुपारी सरळ सांगायला आले, तर तुम्ही तोंड उघडू दिलं नाहीत. तिसऱ्या दिवशी मला नोकरी नव्हती. तुमच्या घरी येऊन सांगायला हवं होतं. आले नाही. राग होता मला. इतका राग धरायला नको होता, हे रोज वाटतं. पण ते माझं मी बघेन. तुम्ही प्रिंट घेऊन जा."

मास्तरांनी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. "आता नको."

घरी लेक वाट बघत होती. तिने निळा फोटो उतरवून टेबलावर ठेवला होता, भिंत पुसली होती, नवी फ्रेमही आणली होती. मास्तरांनी पाकीट दिलं. तिने प्रिंट बाहेर काढली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आई अशी नव्हती, बाबा. हीपण चुकलीय."

"कार्ड बघ."

लेक धंद्यातली नसली तरी करडं कार्ड कशासाठी असतं हे त्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नव्हतं. तिने कार्ड बघितलं, भिंत बघितली, मग आईचे डोळे. प्रिंट उलटी करून तारीख वाचली. ती बोटांवर महिने मोजत होती हे मास्तरांना दिसलं.

"हे तेव्हाच दिसत होतं?" तिने विचारलं.

"कागदावर आलं होतं. मी ते फाडलं. मग तिच्या चेहऱ्यावरून काढून टाकलं." पुढचं सांगितलं नसतं तर लेकीला कधीच कळलं नसतं. "तिने मला विचारलंही होतं, डोळे पिवळे दिसतात का म्हणून. मी म्हटलं, पांढरे आहेत."

लेकीने प्रिंट पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि चपला घातल्या. मग काहीतरी आठवल्यासारखी परत फिरली, टेबलावरचा निळा फोटो उचलला आणि होता त्याच खिळ्याला सरळ करून लावला.

"ही आई मी नेते," ती म्हणाली. "तुम्ही केलेली तुमच्याकडे राहू दे."

दार लागलं. दुपारचे तीन वाजले होते, खिडकी उघडी होती, घरात भरपूर उजेड होता, आणि मास्तरांना आता सगळं नीट दिसत होतं.